पोलाद कापणारा प्रकाश व त्याचे अंकीय नियंत्रण

शाळेतील पोलादी कपाट, ग्रामपंचायत कार्यालयातील विजेची पेटी किंवा शेतावरील पंपाच्या स्टार्टरचे आवरण यांसाठी लागणारा पत्रा आता अनेक कारखान्यांत लेसरच्या झोताने कापला जातो. पाते नाही, साचा नाही, पत्र्याला स्पर्शही नाही. मात्र हा झोत स्वतः आंधळा असतो. कोठे जावे, किती वेगाने जावे व कोठे थांबावे हे त्याला आकड्यांच्या भाषेत सांगावे लागते.

आकड्यांनी यंत्र चालविण्याची विद्या लेसरहून जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत १९५२ साली छिद्रे पाडलेल्या कागदी पट्टीवरील आकड्यांनुसार चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये सिद्ध केला. कारखान्यांत दीर्घकाळ राबलेला कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये शोधणारे डॉ. कुमार पटेल हे मूळचे बारामतीचे व पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी सांगितली जात नाही. १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी झोताला प्राणवायूची जोड देऊन पोलादी पत्रा कापला.

कापावयाच्या वस्तूचे रेखाचित्र प्रथम संगणकावर तयार होते. त्याचे रूपांतर ओळीओळींच्या आज्ञांत केले जाते: सरळ रेषेत अमुक बिंदूपर्यंत जा, अमुक त्रिज्येच्या कंसाने वळा. नियंत्रक अशा प्रत्येक आज्ञेचे अतिसूक्ष्म टप्पे पाडून सर्व्हो मोटारींना हुकूम देतो. हुकूम देऊन तो स्वस्थ बसत नाही. यंत्रावरील मापक प्रत्यक्ष स्थान सतत कळवीत असतात. अपेक्षित व प्रत्यक्ष स्थानांत फरक दिसताच मोटारीला दुरुस्ती मिळते. सायकलस्वार हँडल अखंड थोडेथोडे सावरीत असतो, तसेच हे होय.

खरी कसोटी कोपऱ्यावर लागते. जड शीर्ष पूर्ण वेगात काटकोनात वळू शकत नाही. वेग कमी करावाच लागतो. पण वेग घटला आणि झोताची शक्ती तशीच राहिली, तर त्या जागी उष्णता साचून कोपरा जळतो. म्हणून नियंत्रक पुढील अनेक ओळी आधीच वाचून ठेवतो व वेगाबरोबर शक्तीही उतरवितो.

दुसरी अडचण पत्र्याचीच. तापल्यावर तो वाकतो, तर टोच व पत्रा यांतील अंतर साधारण एक मिलिमीटर राखावयाचे असते. या दोहोंमधील विद्युत धारकता अंतर वाढले की कमी होते. तिच्या मोजणीवरून शीर्ष आपोआप वरखाली होते. तरीही कापलेला एखादा तुकडा उभा राहून टोचेला अडखळतो आणि महागडे शीर्ष निकामी होऊ शकते.

गणिताच्या शिक्षकांना वर्गात घेता येईल असे एक उदाहरण. झोताने पडणारी झिरी ०.२ मिलिमीटर रुंद आहे असे समजू. २० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळरेषेवरूनच झोत फिरविला, तर भोक २०.२ मिलिमीटरचे होते आणि आतून निघालेली चकती १९.८ची. म्हणून झिरीच्या निम्म्या रुंदीइतकी वाट बाजूला सरकविण्याचे काम नियंत्रकाला करावे लागते, भोकासाठी आत व चकतीसाठी बाहेर.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. यंत्राचे दार उघडताच झोत बंद करणारी व्यवस्था असते. घाईपोटी ती निकामी करून ठेवणे हा जिवाशी खेळ होय. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असून साधी काच तो अडविते. आता प्रचारात आलेल्या फायबर लेसरची तरंगलांबी सुमारे १.०७ मायक्रोमीटर असते. तोही अदृश्यच, पण तो साध्या काचेतून आरपार जातो व डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत पोहोचतो. किरण दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर आलेल्या कारागिराचा जुना चष्मा तेथे कुचकामी ठरतो. त्या तरंगलांबीसाठी प्रमाणित केलेला चष्मा व खिडकीची काच यांची खात्री यंत्र सुरू करण्यापूर्वीच करून घ्यावी लागते.