सात नंबर एकच, कोन मात्र वेगळे

गोल्फच्या दुकानात नवीन ‘आयर्न’ बघायला गेलेल्या खेळाडूच्या हाती बहुधा आधी सात नंबरची काठी दिली जाते. दहा चेंडू मारून होतात आणि पडद्यावर आकडा येतो : जुन्या काठीपेक्षा पंधरा मीटर जास्त! खिशाला मोठी चाट लावणारा निर्णय अनेकदा याच आकड्यावर होतो. आकडा खोटा नसतो; पण तो खेळ सुधारल्याचे सांगत नाही. बऱ्याचदा तो फक्त काठीचा कोन बदलल्याचे सांगतो.

आयर्न म्हणजे धातूच्या चपट्या डोक्याची काठी. नियमानुसार फेरीत जास्तीत जास्त 14 काठ्या नेता येतात. त्यांतल्या बऱ्याच आयर्न असतात. नंबर वाढतो तसा डोक्याचा पुढचा भाग, म्हणजे ‘फेस’, अधिक मागे कललेला असतो. या कलाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. लॉफ्ट जास्त असेल तर चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. मात्र कोणत्या नंबरला किती लॉफ्ट असावा, याचा नियम नाही. चाळीस वर्षांपूर्वी सात नंबरचा लॉफ्ट साधारण 36 अंश असे. आज नवख्या आणि मध्यम खेळाडूंसाठीच्या अनेक संचांत तो 30 अंशांच्या आसपास, काहींत त्याहूनही कमी आहे. म्हणजे जुन्या हिशेबाने ती पाच-सहा नंबरची काठी झाली.

यात निव्वळ लबाडी नाही. नव्या काठीत वजन तळाशी नेल्यामुळे गुरुत्वमध्य खाली जातो आणि कमी लॉफ्ट असूनही चेंडू बऱ्यापैकी उंची गाठतो. खरी प्रगती मात्र दुसऱ्याच जागी झाली आहे.

चेंडू आणि काठी यांचा स्पर्श जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. एवढ्या वेळात मेंदूचा संदेश हातापर्यंत पोहोचूच शकत नाही. चेंडू फेसच्या मध्यावर न लागता कडेला लागला, तर डोके गर्रकन वळू पाहते आणि ते रोखण्याचे काम काठीच्या जडत्वालाच करावे लागते. दोरावरून चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातात लांब बांबू धरते, त्यामागचे तत्त्व हेच. वजन मध्यापासून दूर दोन टोकांना गेले की वस्तू सहजासहजी फिरत नाही.

नॉर्वेत जन्मलेले अमेरिकी अभियंते कार्स्टन सोल्हाइम यांनी 1959 मध्ये हे तत्त्व आधी ‘पटर’मध्ये आणि पुढे आयर्नमध्ये वापरले. डोक्याची पाठ पोकळ करून वजन कडेला नेलेली ‘कॅव्हिटी बॅक’ काठी आज सर्वत्र दिसते. याउलट अखंड, पातळ ‘ब्लेड’ दिसायला देखणी असते. पण चुकलेल्या फटक्याला ती फार सांभाळून घेत नाही.

मग सुधारत असलेल्या खेळाडूने काय घ्यावे? आधी स्वतःच्या चुका मोजाव्यात. फेसवर थोडी टाल्कम पावडर लावून वीस चेंडू मारले, की चेंडू कुठे लागतो ते ठशांवरून दिसते. ठसे फेसभर विखुरलेले असतील तर रुंद तळाची, कडेला वजन असलेली काठी बरी. ते मध्याभोवती जमू लागले असतील तर किंचित लहान डोक्याची, तरीही कॅव्हिटी असलेली काठी पेलते. ब्लेडची घाई नको.

दुकानात दोन काठ्यांची तुलना करताना दोन्हींचा लॉफ्ट विचारा. सर्वांत लांब गेलेला फटका बाजूला ठेवा आणि उरलेले चेंडू किती मीटरच्या पट्ट्यात पडले ते पाहा. तो पट्टा जितका अरुंद, तितकी काठी भरवशाची. चेंडू किती तिरका उतरतो, हेही पाहावे. 45 अंशांच्या आसपास उतरणारा चेंडू हिरवळीवर थांबतो, सपाट येणारा घरंगळून पलीकडे जातो.

प्रश्न शरीराचाही आहे. कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला ‘गोल्फर्स एल्बो’ म्हणतात. मनगट वाकवणाऱ्या स्नायूंच्या कंडरांवर वारंवार ताण आला की ते जडते. कडक चटईवर तासन् तास सराव आणि चेंडूआधी जमिनीवर बसणारा फटका, हे त्याचे नेहमीचे निमित्त. आयर्नच्या पोलादी दांड्याचे वजन साधारण 90 ते 130 ग्रॅम असते. ग्राफाइटचा दांडा सहसा बराच हलका असतो आणि हाताला बसणारे हादरेही कमी करतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी किंवा कोपर कुरकुरत असलेल्यांनी तो आवर्जून वापरून पाहावा. पण ग्राफाइट हे औषध नव्हे. दुखणे टिकले तर चेंडूंची संख्या कमी करून डॉक्टरांना दाखवावे. मूठ धरायचा ‘ग्रिप’ फार बारीक असेल तर माणूस नकळत काठी आवळून धरतो, म्हणून तोही हाताच्या मापाचा हवा.

शेवटी जुळवाजुळव. नव्या संचातल्या ‘पिचिंग वेज’चा लॉफ्ट 43 अंश आणि पिशवीतल्या जुन्या ‘सँड वेज’चा 56 अंश असेल, तर मधल्या 13 अंशांत एकही काठी उरत नाही. सात नंबरने कमावलेले पंधरा मीटर तिथे, हिरवळीच्या तोंडाशी, गमवावे लागतात. ती पोकळी भरायला आणखी एक वेज लागेल, हे पैसे मोजण्याआधीच धरून चालावे.