युवा डिस्टोपियन कादंबऱ्यांतील पात्रांची निर्णयप्रक्रिया

युवा डिस्टोपियन कादंबरी म्हणजे प्रामुख्याने किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेली आणि जुलमी, सर्वंकष सत्ता असलेल्या काल्पनिक समाजात घडणारी कादंबरी होय. या कादंबऱ्यांचे नायक व नायिका बहुधा १२ ते १८ वर्षे वयाचे असतात. त्यांचे शिक्षण, व्यवसाय, रूप, जोडीदार, प्रसंगी त्यांचे जगणे-मरणेही समाजाने आधीच ठरविलेले असते. अशा परिस्थितीत पात्र स्वतःचा निर्णय कसा घेते, त्यासाठी कोणती किंमत मोजते आणि तो निर्णय खरोखर त्याचा स्वतःचा असतो काय, हा या साहित्यप्रकाराचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

टॉमस मोर यांच्या १५१६ मधील ‘युटोपिया’ या ग्रंथावरून आदर्श समाजाला युटोपिया हे नाव रूढ झाले. त्याच्या उलट, भयावह समाजाच्या चित्रणाला डिस्टोपिया म्हणतात. अल्डस हक्सले यांची ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ (१९३२) आणि जॉर्ज ऑर्वेल यांची ‘नाइन्टीन एटी-फोर’ (१९४९) या प्रौढांसाठीच्या कादंबऱ्यांनी या प्रकाराचा पाया घातला. ऑर्वेल यांच्या कादंबरीत नायकाचे बंड अखेरीस मोडून काढले जाते व तो सत्तेला मनानेही शरण जातो. युवा कादंबरीत मात्र शेवट दुःखद असला, तरी पात्राची निर्णयशक्ती सहसा शिल्लक राहते.

लोइस लॉरी यांची ‘द गिव्हर’ (१९९३) ही या प्रकारातील आरंभीच्या महत्त्वाच्या कृतींपैकी एक असून तिला १९९४ चे न्यूबेरी पदक मिळाले. स्कॉट वेस्टरफेल्ड यांची ‘अग्लीज’ (२००५), सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८), पॅट्रिक नेस यांची ‘द नाइफ ऑफ नेव्हर लेटिंग गो’ (२००८) व व्हेरॉनिका रॉथ यांची ‘डायव्हर्जंट’ (२०११) या त्यानंतरच्या उल्लेखनीय कादंबऱ्या होत.

निवडीचा आभास

या कादंबऱ्यांतील सत्ता निर्णयाचा अधिकार नेहमीच उघडपणे काढून घेत नाही. पुष्कळदा ती निवडीची संधी देते. परंतु समोर ठेवलेले सर्व पर्याय तिच्याच सोयीचे असतात.

‘डायव्हर्जंट’मधील शिकागो शहर पाच गटांत विभागलेले आहे. १६ व्या वर्षी प्रत्येकाने जाहीर समारंभात आपला गट निवडायचा असतो. ही निवड पुन्हा बदलता येत नाही आणि गटात टिकू न शकणारा माणूस समाजाबाहेर फेकला जातो. नायिका ट्रिस आईवडिलांचा गट सोडून शूरांच्या गटात जाते. तिचा निर्णय धाडसी आहे. तथापि माणसात एकच गुण प्रधान असावा, हे व्यवस्थेचे गृहीतक तो मोडत नाही. ते गृहीतकच खोटे असल्याची जाणीव तिला पुढे होते.

‘द हंगर गेम्स’मध्ये पॅनेम या राष्ट्रातील १२ जिल्ह्यांमधून दरवर्षी एक मुलगा व एक मुलगी अशी २४ मुले चिठ्ठ्या टाकून निवडली जातात आणि एकच जिवंत राहीपर्यंत त्यांना परस्परांशी लढावे लागते. गरीब कुटुंबातील मूल धान्य व तेलाच्या बदल्यात आपल्या नावाच्या जादा चिठ्ठ्या टाकू शकते. कागदोपत्री हा स्वेच्छेचा व्यवहार असला, तरी उपाशी घरातील मुलाला नकार देण्याची सोय नसते. १६ वर्षांच्या कॅटनिस एव्हरडीनच्या नावाच्या २० चिठ्ठ्या झालेल्या आहेत. धाकट्या बहिणीला मात्र तिने जादा चिठ्ठी टाकू दिलेली नाही. तरीही बहिणीची एकमेव चिठ्ठी निघते. अन्यायकारक व्यवस्थेत शहाणपणाने केलेला हिशेबही माणसाला वाचवू शकत नाही, हे लेखिकेने या प्रसंगातून दाखविले आहे.

निर्णयाला चालना देणारे घटक

ज्ञान

सत्य कळल्याशिवाय निर्णय स्वतंत्र होऊ शकत नाही, हे सूत्र ‘द गिव्हर’मध्ये सर्वाधिक स्पष्ट आहे. जोनासच्या समाजात १२ व्या वर्षी प्रत्येकाला काम नेमून दिले जाते. भूतकाळाच्या स्मृती जतन करण्याचे काम जोनासकडे येते. रंग, युद्ध, वेदना व प्रेम यांच्या स्मृती मिळू लागल्यावर त्याला निवडीचे महत्त्व समजते. त्याच वेळी, माणसे चुकीची निवड करतील ही भीतीही त्याला वाटते. समाजाने निवड नाहीशी केली ती याच भीतीपोटी.

‘मुक्त करणे’ या सौम्य शब्दामागे प्रत्यक्षात हत्या दडलेली आहे, हे जोनासला एक चित्रफीत पाहून कळते. जुळ्यांपैकी कमी वजनाच्या अर्भकाला इंजेक्शन देऊन मारणारा माणूस त्याचा स्वतःचा पिता असतो. हा पिता क्रूर नाही. तो प्रेमळ व कर्तव्यदक्ष आहे. त्याने केवळ नियम पाळला आहे. ज्याला आपण काय करतो हे उमगतच नाही अशा आज्ञाधारक माणसाच्या शेजारी जोनासला उभे करून लेखिका आज्ञापालन व निर्णय यांतील अंतर दाखवते.

नाते

या कादंबऱ्यांतील निर्णायक कृती विचारप्रणालीतून क्वचितच जन्मते. ती बहुधा एका विशिष्ट व्यक्तीसाठी केलेली असते. कॅटनिस बहिणीच्या जागी स्वतः पुढे होते तेव्हा तिच्या मनात क्रांतीचा विचार नसतो. जोनासचे पलायनही योजनेप्रमाणे घडत नाही. घरी सांभाळलेल्या गॅब्रिएल या बाळाला दुसऱ्या दिवशी मारले जाणार असल्याचे कळताच तो त्याच रात्री त्याला घेऊन निघतो. वैयक्तिक निष्ठेतून केलेल्या अशा कृतीला राजकीय अर्थ नंतर प्राप्त होतो.

तिसरा मार्ग

समोरचे दोन्ही पर्याय नाकारून तिसरा मार्ग शोधणे हा या कथांतील नेहमीचा कळसबिंदू होय. ‘द हंगर गेम्स’च्या शेवटी कॅटनिस व पीटा हे दोघेच उरतात. दोघांनाही विजयी घोषित करण्याची दिलेली सवलत ऐनवेळी मागे घेतली जाते. मारणे किंवा मरणे एवढेच पर्याय उरले असता दोघे एकाच वेळी विषारी फळे तोंडाजवळ नेतात. विजेता नसलेला खेळ सत्तेला परवडणारा नसतो, हे कॅटनिसने ओळखलेले असते.

नेस यांच्या कादंबरीतील टॉड हेविटच्या गावात माणसाला ठार मारल्यावरच मुलगा पुरुष मानला जातो. टॉड कोणाचाही जीव घेण्यास तयार नसतो. तथापि वाटेत भीती व रागाच्या भरात तो एका परग्रहवासीयाला मारतो व त्या कृत्याचे ओझे त्याला वाहावे लागते. नकाराचा निर्णय एकदा घेऊन भागत नाही, तो प्रत्येक प्रसंगी नव्याने घ्यावा लागतो, असे या कथेतून दिसते.

परिणाम आणि उत्तरदायित्व

दबावाखाली घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न ‘अग्लीज’मध्ये विस्ताराने येतो. तेथे १६ व्या वर्षी प्रत्येकाला शस्त्रक्रिया करून सुंदर बनविले जाते आणि त्याबरोबर मेंदूतही फेरफार केला जातो. टॅली यंगब्लडला धमकावून तिच्या मैत्रिणीच्या मागावर पाठविण्यात येते. पुढे तिचे मन पालटते व ती ठावठिकाणा कळविणारे लॉकेट आगीत टाकते. परंतु लॉकेट नष्ट होताच संकेत पोहोचतो आणि बंडखोरांची वस्ती उद्ध्वस्त होते. येथे चांगला हेतू उशिरा येतो व नुकसान टळत नाही.

भरपाईचा मार्गही निर्णयातूनच निघतो. मेंदूवरील उपचाराची चाचणी रुग्णाच्या संमतीशिवाय करण्यास डॉक्टर नकार देते. तेव्हा टॅली स्वतः शस्त्रक्रिया करून घेण्यास व नंतर त्या उपचाराला सामोरे जाण्यास आगाऊ संमती देते. जी शस्त्रक्रिया आरंभी तिच्यावर लादली जाणार होती, तीच ती शेवटी जाणतेपणाने स्वीकारते. कृती तीच असूनही संमतीमुळे तिचा अर्थ पूर्णपणे बदलतो.

‘मॉकिंगजे’ (२०१०) या कॉलिन्स यांच्या मालिकेतील तिसऱ्या कादंबरीत बंडखोरांचे नेतृत्वही जुन्या सत्तेचीच रीत उचलते. पराभूत राजधानीतील मुलांना घेऊन आणखी एकदा खेळ भरवावा काय, यावर सात हयात विजेत्यांचे मत घेतले जाते. कॅटनिस होकारार्थी मत देते. मात्र नंतर पदच्युत अध्यक्षाला मारण्यासाठी सोडायचा बाण ती बंडखोरांच्या नेत्यावर, कॉइनवर, सोडते. तिचे मत मनापासूनचे होते की कॉइनचा विश्वास मिळविण्यासाठी दिलेले होते, याविषयी वाचकांत मतभेद आहेत.

कथनपद्धतीचा परिणाम

‘द हंगर गेम्स’ व ‘डायव्हर्जंट’ यांचे निवेदन प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळी आहे. त्यामुळे पात्राला जेवढे ठाऊक तेवढेच वाचकाला कळते आणि निर्णयाच्या क्षणीची अनिश्चितता वाचकही अनुभवतो. ‘द गिव्हर’ तृतीयपुरुषी असली तरी जोनासच्याच दृष्टिकोनातून सांगितलेली आहे. टॉडच्या जगात पुरुषांचे विचार सर्वांना ऐकू येतात. त्यामुळे गुप्तपणे विचार करण्याची सोयच राहत नाही.

टीका

या साहित्यप्रकारावर काही आक्षेप घेतले जातात. नायक किंवा नायिका जन्मतःच असामान्य दाखविल्यास धैर्य हा प्रयत्नाचा नव्हे तर प्रकृतीचा भाग ठरतो. ट्रिसविषयी ही टीका केली जाते. दोन तरुणांपैकी एकाची निवड करण्याच्या प्रेमकथेमुळे मूळ राजकीय प्रश्न झाकोळतो, असेही म्हटले जाते. शिवाय सत्ता निःसंशय दुष्ट दाखविल्याने निर्णय नैतिकदृष्ट्या सोपा होतो, असा आक्षेप आहे. वर उल्लेखिलेले जोनासच्या पित्याचे, टॉडच्या अपराधाचे व कॅटनिसच्या मताचे प्रसंग मात्र या शेवटच्या आक्षेपाला अपवाद ठरतात. त्यांत योग्य-अयोग्याचा निवाडा लेखक करीत नाही. तो वाचकावर सोपविलेला आहे.