नेम साधणारे यंत्र आणि खेळातील समतोल

धावते लक्ष्य जेथे दिसते तेथेच नेम धरला, तर तो हुकतो. समजा, लक्ष्य २०० मीटर दूर असून सेकंदाला ४० मीटर वेगाने आडवे धावत आहे. गोळीचा वेग सेकंदाला ४०० मीटर असेल, तर ती पोहोचेपर्यंत सुमारे अर्धा सेकंद लोटतो; तेवढ्या अवधीत लक्ष्य २० मीटर पुढे सरकलेले असते.

जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीने निर्माण केलेल्या ‘आर्मर्ड कोअर ६’ (२०२३) या महाकाय युद्धयंत्रांच्या व्हिडिओ-खेळात नेम साधण्यास साहाय्य करणारा एक सुटा भाग असतो. हे साहाय्य अचूक झाले, तर खेळाडूच्या कौशल्यास अर्थ उरणार नाही. अगदीच तोकडे पडले, तर नवशिका निराश होईल. म्हणून रचनाकारांनी जवळच्या, मध्यम व लांबच्या पल्ल्यांसाठी साहाय्याचे प्रमाण निरनिराळे ठेवले. जवळच्या पल्ल्यात विशेष तत्पर असणारा भाग सामान्यतः लांबवर मंदावतो. शिवाय प्रत्येक भागाचे वजन असते आणि तो ऊर्जेचाही वाटा घेतो. एक गुण घ्यावयाचा, तर दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते. समतोल साधतो तो यामुळेच.

आता गोळीचा वेग दुप्पट केल्यास नेम किती मीटर पुढे धरावा लागेल, हे वाचकांनी स्वतःच काढून पाहावे.