गुंडाळून ठेवलेली लढाई

पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात काँक्रीटची एक गोल इमारत आहे आणि तिच्या आत एकच चित्र आहे. १५ मीटर उंच, ११४ मीटर लांब. ते भिंतीवर टांगलेले नाही, तेच भिंत झाले आहे. त्याची दोन टोके एकमेकांना जोडलेली आहेत आणि बघणारा मधोमध उभा असतो. क्राकूवच्या ईशान्येला रात्सवावित्से नावाचे खेडे आहे. तिथे ४ एप्रिल १७९४ रोजी झालेली लढाई या कापडावर रंगवली आहे. चित्र काढले गेले दुसऱ्याच शहरात, ल्वूवमध्ये, म्हणजे आज युक्रेनमध्ये असलेल्या लविवमध्ये. तेही एका प्रदर्शनातले आकर्षण म्हणून, तिकीट काढून बघायचा खेळ म्हणून.

एकोणिसाव्या शतकात युरोपात ‘पॅनोरमा’ म्हणून ओळखले जाणारे असे खेळ मोठ्या शहरांत, बागांत आणि प्रदर्शनांत गर्दी खेचत. रॉबर्ट बार्कर या आयरिश चित्रकाराने १७८७ साली या कल्पनेचे पेटंट घेतले आणि काही वर्षांत लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास त्यासाठी गोल इमारत उभी राहिली. सिनेमा यायला अजून शंभर वर्षे होती. दूरचे शहर किंवा गाजलेली लढाई ‘तिथे जाऊन’ बघण्याची सोय सामान्य माणसाला पॅनोरमाने करून दिली.

त्यामागची युक्ती फार विचारपूर्वक योजलेली आहे. प्रेक्षकाला आधी अंधाऱ्या वाटेने नेतात, म्हणजे बाहेरचा उजेड आणि बाहेरची मापे डोळ्यांतून पुसली जातात. मग तो मधल्या उंच सज्जावर येतो. डोक्यावरच्या छतामुळे चित्राची वरची कड दिसत नाही. उजेड वरून कापडावर पडतो, पण तो कुठून येतो हे कळत नाही. खालची कड लपवायला सज्जा आणि चित्र यांच्यामध्ये खरी जमीन रचलेली असते. तिच्यावर माती, झुडपे, कुंपण, मोडकी गाडी अशा वस्तू मांडलेल्या असतात आणि त्यांतली एखादी वस्तू अर्धी खरी नि अर्धी रंगवलेली निघते. वर कड्याला टांगून खाली ताणलेले कापड मध्यावर किंचित आत येते, त्यामुळे त्यालाही खोली येते. चौकटच नसल्यामुळे चित्र कुठे संपते हे नजरेला ठरवता येत नाही.

ल्वूवमध्ये ही कल्पना मांडली यान स्तिका या चित्रकाराने. निमित्त होते तादेउश कोश्च्युश्कोने १७९४ साली रशियाविरुद्ध केलेल्या उठावाच्या शताब्दीचे; रात्सवावित्सेची लढाई त्याच उठावातली. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२ पासून तीन वेळा लचके तोडून १७९५ साली तो संपवला होता. ल्वूव ऑस्ट्रियाच्या वाट्याला आले होते आणि तिथे पोलिश भाषेला, संस्थांना बरीच मोकळीक होती. रशियन अमलाखालच्या वॉर्सामध्ये रशियन फौजेच्या पराभवाचे चित्र लावणे अशक्यच होते. ऑस्ट्रियाचा सम्राट फ्रान्झ योसेफ मात्र त्या शताब्दीच्या वर्षी ल्वूवचे प्रदर्शन बघून गेला. फाळणीतला हिस्सेदार असलेला ऑस्ट्रिया चित्रात नव्हता, ही गोष्ट आयोजकांच्या पथ्यावर पडली असणार.

स्तिकाने सोबत घेतला वोय्चेख कोसाक. घोडा आणि घोडेस्वार रंगवावा तर त्यानेच, असा त्याचा लौकिक होता. निसर्गदृश्याची बाजू लुडविक बोलरने सांभाळली आणि आणखी काही चित्रकार हाताखाली आले. १८९३ च्या वसंतात ते रणभूमीवर जाऊन रेखाटने करून आले. कापड ब्रुसेल्सहून आणले होते. स्त्रिस्की बागेतल्या प्रदर्शनाच्या आवारात लोखंडी सांगाड्याची गोल इमारत उभी राहिली आणि तिच्यातच सुमारे नऊ महिन्यांत चित्र पुरे झाले. साडेसातशे किलो रंग लागला. ५ जून १८९४ ला प्रदर्शन उघडले तेव्हा पॅनोरमा तयार होता.

आता चित्रातल्या माणसांकडे यावे, कारण हे चित्र टिकले ते त्यांच्यामुळे. तादेउश कोश्च्युश्को अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला, तटबंदीचे शास्त्र जाणणारा सेनानी होता. पण रात्सवावित्सेला त्याने मोठा भरवसा टाकला तो सुमारे दोन हजार शेतकऱ्यांवर. हे लोक जमीनदारांचे वेठबिगार. त्यांच्याजवळ बंदुका नव्हत्या. गवत कापायच्या लांब विळ्याचे पाते दांड्याला सरळ उभे ठोकले की भाला तयार, एवढेच त्यांचे शस्त्र. ते घेऊन हे लोक रशियन तोफांवर धावून गेले. बार्तोश ग्वोवात्स्की नावाच्या शेतकऱ्याने तोफेची पेटती वात आपल्या टोपीने दाबून विझवली, ही हकिकत पोलंडमध्ये पोराटोरांना ठाऊक आहे. कोश्च्युश्कोने त्याला निशाणबरदार केले. दोनच महिन्यांनी श्चेकोत्सिनीच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्यातच गेला.

मावळ्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या वाचकाला यातले मोल वेगळे सांगायला नको. लष्करीदृष्ट्या रात्सवावित्सेने फारसे काही साधले नाही. कोश्च्युश्कोला शत्रूचा पाठलागही करता आला नाही आणि त्याच वर्षी उठाव मोडला. पण लढाईनंतर सुमारे महिन्याभराने त्याने पोवान्येत्सच्या जाहीरनाम्याने शेतकऱ्यांना व्यक्तिस्वातंत्र्य दिले आणि वेठ कमी केली. चित्रकारांनी हे नेमके ओळखले. त्यांनी दिवसभरातल्या वेगवेगळ्या वेळचे प्रसंग एकाच वर्तुळात आणले आहेत. एकीकडे घोडदळ आहे, एकीकडे प्रार्थना करणारे गावकरी. पण नजर फिरून फिरून थांबते ती पांढऱ्या डगल्यांतल्या, विळे उगारून धावणाऱ्या त्या माणसांवर. माझ्या मते निव्वळ चित्रकला म्हणून हे काम थोर नाही. कोसाकचे घोडे आणि बोलरचे आकाश सोडले तर बरेचसे त्या काळच्या ठरीव वळणाचे आहे. तरी सरदारांच्या इतिहासात शेतकऱ्याला मधोमध उभे करण्याचा निर्णय मोठा होता. ते बघायला खेड्यापाड्यांतून शेतकऱ्यांचे जथे ल्वूवला येत.

१८९६ साली चित्र बुडापेस्टच्या प्रदर्शनातही जाऊन आले. मग या कलाप्रकाराचे दिवस पालटले. सिनेमा आला आणि पॅनोरमे पोसणे परवडेना. स्तिकाने हंगेरीसाठी केलेला ट्रान्सिल्व्हेनियाचा पॅनोरमा तुकडे करून विकला गेला. कोसाकने युलियान फावातबरोबर केलेल्या बेरेझिनाच्या पॅनोरमाचेही तेच झाले. रात्सवावित्सेचे चित्र मात्र ल्वूवमध्ये अखंड राहिले.

१९४४ साली हवाई हल्ल्यात इमारतीवर बॉम्ब पडला आणि कापड फाटले. ते उतरवून, गुंडाळून बर्नार्डिन मठात ठेवले. त्याच सुमारास कोल्हापूरजवळ वळिवडे इथल्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुले. मधल्या काळात पुन्हा उभ्या राहिलेल्या पोलंडच्या याच पूर्वेकडच्या मुलखातून सोव्हिएत सत्तेने त्यांना सायबेरियात आणि कझाकस्तानात हाकलले होते. तिथून इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोहोचले होते. युद्ध संपले तेव्हा हा मुलूख सोव्हिएत संघात गेला होता. वळिवड्याच्या लोकांना परतायला गाव उरले नाही, त्यांतले पुष्कळ जण इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे गेले. चित्रालाही आपले शहर सोडावे लागले. १९४६ साली ते व्रोत्सवाफला आले. कालपर्यंत जर्मन असलेल्या त्या शहरात ल्वूवहून उठलेली कितीतरी कुटुंबे तेव्हा नव्याने चूल मांडत होती.

त्यांच्या डोळ्यांसमोर ते लागायला मात्र जवळजवळ चाळीस वर्षे जावी लागली. सोव्हिएत मित्रराष्ट्राच्या पूर्वजांची फौज शेतकऱ्यांपुढे मागे हटते आहे, हे दृश्य कम्युनिस्ट सरकारला नको होते. उघड बंदीची गरजच नव्हती. समित्या नेमायच्या आणि गुंडाळायच्या, निर्णय पुढे ढकलायचा, एवढे पुरे होते. १९६० च्या दशकात एवा आणि मारेक ज्येकोन्स्की या वास्तुरचनाकार जोडप्याने आखलेली काँक्रीटची इमारत उभी राहिली, तीही तशीच अर्धवट पडून राहिली. त्या काळात गुंडाळीतल्या कापडाचे हाल झाले.

१९८० च्या ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटी या कामगार संघटनेला जन्म देणाऱ्या संपांनी देश हलवला आणि चित्र लावण्याची मागणी पुन्हा उठली. नवी समिती नेमली गेली, १९८१ मध्ये डागडुजी सुरू झाली. त्याच डिसेंबरात लष्करी कायदा लागू झाला, पण हे काम थांबले नाही. सतराशे चौरस मीटरांहून मोठे कापड साफ करायचे, भोके बुजवायची, उडालेला रंग जागच्या जागी बसवायचा आणि ते पुन्हा असे ताणायचे की क्षितिज कुठेही वाकू नये. १४ जून १९८५ ला दारे उघडली, तेव्हाही पोलंडमध्ये तीच राजवट होती. आज तिथे ठरावीक वेळेची तिकिटे मिळतात आणि गटागटाने आत सोडतात. शाळेच्या सहलींचा त्यांत मोठा भरणा असतो. ल्वूवमधली जुनी गोल इमारतही दुरुस्त होऊन उभी आहे, तिथल्या पॉलिटेक्निकचे विद्यार्थी ती क्रीडागृह म्हणून वापरतात.