दात गेलेल्या मांजरीचे ताट

‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण माणसाने स्वतःसाठी केली. पण ती मांजरालाही लागू पडते, असा अनुभव आमच्या पोळेत अलीकडे घरोघर येऊ लागला आहे. मांडवीजवळच्या या घडियाळी पोळेत भिंतीला भिंत लागून जुनी घरे आहेत. घरांना माळे आहेत, माळ्यांवर उंदीर आहेत आणि म्हणून मांजरे आहेत. पूर्वी मांजर आले कधी आणि गेले कधी, याची नोंद कोणी ठेवीत नसे. आता त्याला लस टोचली जाते, ते घरात निजते, आणि चौदा-पंधरा वर्षांचे मांजर ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. वय वाढले की दातांचे दुखणे येते, आणि त्यापाठोपाठ प्रश्न येतो की, याला खायला काय घालावे?

बहुतेक घरांत उत्तर तयार असते: दूध-भात. तो मऊ असतो, गिळायला सोपा असतो आणि स्वयंपाकघराच्या सोवळ्याला बाधत नाही. परंतु मांजराच्या शरीराला मात्र तो पुरत नाही.

मांजराला तीस दात असतात, पण त्यांतला एकही दळण्यासाठी नसतो. गाईचा जबडा आडवा फिरतो, मांजराचा फिरत नाही. त्याच्या दाढा कात्रीच्या पात्यांसारख्या एकमेकींना घासून जातात; घास तोडायचा आणि गिळायचा, एवढेच त्यांचे काम. म्हणूनच दात पडलेले मांजर, घास बारीक व मऊ मिळाला तर, सुखाने जगते. त्याला उपाशी ठेवतो तो दातांचा अभाव नव्हे, तर दुखरा दात. हिरड्या सुजतात, दाताभोवतीचे हाड झिजते; प्रौढ मांजरांत तर दात मुळाशी आतून विरघळत जाण्याचा एक रोगही पुष्कळ आढळतो. माणूस गालावर हात ठेवून कण्हतो. मांजर काही बोलत नाही. ताटलीचा आवाज ऐकून धावत येते, वास घेते, एक घास उचलते आणि मान झटकून मागे सरते. तोंडाला दुर्गंधी, लाळ, अंगावरचे विस्कटलेले केस ही आणखी लक्षणे. अशा वेळी ‘खोडी वाढल्या आहेत’ असे म्हणून स्वस्थ बसू नये.

आता दूध-भाताकडे वळू. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याला स्वतःच्या शरीरात पुरेसे बनवता येत नाही. ते मांसातूनच मिळावे लागते. ते कमी पडले तर डोळ्यांचा पडदा निकामी होतो, हे शास्त्रज्ञांनी 1975 मध्ये दाखवले. हृदय दुबळे होऊन पसरते, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधनातून सिद्ध झाले. भातात टॉरिन नाही आणि दुधात नाममात्र. शिवाय मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडते. आणि गोडाची चव? 2005 मध्ये असे उघड झाले की, गोडी ओळखणारे जनुकच मांजरात निकामी झालेले आहे. आपल्या पानातली बासुंदी ते चाटते ते सायीसाठी, साखरेसाठी नव्हे.

आमच्या मनीला चौदावे वर्ष लागले तेव्हा हा प्रश्न आमच्या घरात उभा राहिला. पशुवैद्यांनी रक्त तपासले, मूत्रपिंडे ठीक असल्याची खात्री केली आणि भूल देऊन तिच्या किडलेल्या दाढा काढल्या. पुढे मांसाचा मऊ आहार द्या, असे सांगितले. घरात शाकाहार. आत्या म्हणाल्या, “अरे, जन्मभर उंदीर मारले तिने. आता उतारवयात तरी सात्त्विक खाऊ दे!”

माझे वडील दरबारचे सनईवादक. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. समोरचे दात गेले आणि पत्तीवरची ओठांची पकड सुटली, तेव्हा त्यांनी सनई खुंटीला टांगली. पान मात्र सोडले नाही. आत्या ते खलबत्त्यात कुटून देत. मी म्हटले, “आत्या, बाबांना तुम्ही पान कुटून दिलेत, दात नाहीत म्हणून पानाऐवजी पेढा दिला नाहीत.” त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “मागच्या चौकात दे. भांडे वेगळे, चमचा वेगळा.” तेव्हापासून तसे चालले आहे. दोन महिन्यांत मनीचे वजन तीन किलोंवरून साडेतीनवर आले.

या सगळ्याचे सार एवढेच: रूप बदलावे, पदार्थ बदलू नये. बाजारात मांजरांसाठी ओल्या खाद्याची पाकिटे मिळतात. वेष्टणावर ते ‘संपूर्ण आहार’ असल्याचे लिहिले आहे की नाही, हे पाहावे. नुसते पूरक खाऊ रोजच्या जेवणाची जागा घेऊ शकत नाहीत, आणि कुत्र्याचे खाद्य तर मुळीच नाही. ओल्या खाद्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, म्हातारपणी तेही उपकारक ठरते. कोरडे दाणे द्यायचे तर कोमट पाण्यात भिजवून कुस्करावेत. घरी उकडलेली बिनहाडाची कोंबडी अधूनमधून चालेल, मात्र मीठ, कांदा, लसूण न घालता. कांदा-लसूण मांजराच्या रक्ताला घातक आहेत. उकडल्यावर टॉरिन पाण्यात उतरते, म्हणून ते पाणीही द्यावे. परंतु केवळ कोंबडीवर मांजर ठेवू नये, तिच्यात कॅल्शियम पुरेसे नसते. खाद्य किंचित कोमट केले तर वास सुटतो आणि भूक चाळवते. उथळ बशीत, थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. नवे खाद्य जुन्यात मिसळत आठवडाभरात बदलावे.

दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवाव्यात. दातदुखीवर आपण लवंगेचे तेल लावतो, तापाला पॅरासिटामॉल घेतो. मांजराला यांपैकी काहीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. आणि मांजराने दिवसभर अन्नाला तोंड लावले नाही, तर वाट पाहू नये. उपासाने त्याच्या यकृतात चरबी साठते आणि काही दिवसांतच प्रकृती हाताबाहेर जाते. गावात वैद्य आहेतच. शिवाय जवळच आणंदला 1964 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे.

महिन्यातून एकदा मांजराला तराजूत बसवावे. चार किलोंच्या मांजराचे चारशे ग्रॅम उतरणे म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे सहा किलो उतरणे. तोंडाने ते सांगणार नाही, काटा सांगेल.