जुन्या सेडानची तहान

जुनी मोठी सेडान स्वस्तात मिळते, पण तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत. नांदेडच्या एमएच-26 किंवा लातूरच्या एमएच-24 पाटीची अशी गाडी घेताना लोक रंग, टायर, किलोमीटर बघतात. माझ्या मते आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडावं. मे महिन्यात नांदेडचा पारा 42 अंशांपलीकडे जातो आणि बोअरचं पाणी बहुधा जड असतं. पाणी तापवायच्या भांड्याच्या बुडाशी दिसतो तोच पांढरा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, उष्णता अडवतो आणि इंजिन तापतं. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. म्हणून अति तापल्यावर बिडाच्या ब्लॉकवर बसवलेलं ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट जातं, कधी ऑइलमध्ये पाणी उतरतं. मग इंजिन खोलण्याचा खर्च गाडीच्या किमतीशीच स्पर्धा करतो.

जुन्या जीप, ट्रक साध्या पाण्यावर चालले, असं कुणी म्हणेल. खरं आहे, पण त्यांची इंजिनं जाड बिडाची होती. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात हाती येईल ते पाणी ओतलं गेलं असेल, तर दोष कुणाला द्यायचा? तरीही कूलंट आणि काही लिटर डिस्टिल्ड वॉटर हा खर्च हेडच्या कामापुढे नगण्य आहे. झाकणाखाली तांबूस गाळ किंवा तेलकट साय दिसली, तर सौदा तिथंच थांबवावा. गाडी पंधरा वर्षांची असेल, तर फेरनोंदणी आणि पर्यावरण कर वेगळाच.