रेडिएटरचा थर्मोस्टॅट : त्याचे कार्य व त्याचे बिघाड

उष्णता निर्माण करणे जितके महत्त्वाचे, तितकेच तिला आवर घालणेही महत्त्वाचे आहे. आपल्याकडे ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीतही एखादी शेगडी आणि जाड रजई यांवर बहुतेकांचे भागते. परंतु जर्मनी, डेन्मार्क, पोलंड अशा देशांत हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली उतरतो आणि थंडी महिनोगणती हटत नाही. तेथे घर तापविणे ही चैन नव्हे, ती जीविताची गरज आहे. आपल्यातील अनेक मुलेमुली आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी त्या देशांत राहतात. त्यांच्या सदनिकेत खिडकीखाली भिंतीला लागून एक पोलादी, पन्हळीदार पेटी असते. तिला रेडिएटर म्हणतात. तिच्या कडेला आकडे घातलेली जी मूठभर आकाराची चक्री असते, तीच थर्मोस्टॅटची. हे लहानसे यंत्र बिघडले की खोलीत एक तर हुडहुडी भरते, नाही तर घाम फुटतो. म्हणून त्याची रचना आणि त्याचा बिघाड शोधण्याची रीत आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

‘थर्मोस्टॅट’ हा शब्द उष्णता आणि स्थिर या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला आहे. स्कॉटलंडमधील रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी १८३० साली दोन धातूंच्या जोडपट्टीवर चालणाऱ्या अशा उपकरणाचे एकस्व घेतले. रेडिएटरवर बसणारा थर्मोस्टॅट मात्र बराच अलीकडचा. डेन्मार्कमधील डॅनफॉस कारखान्याचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी तो १९४३ साली शोधून काढला.

आता त्याचे कार्य पाहू. इमारतीच्या तळघरातील बॉयलरमध्ये, किंवा काही शहरांत दूरच्या केंद्रात, पाणी तापविले जाते. पंप ते ऊन पाणी नळांतून प्रत्येक रेडिएटरपर्यंत पोहोचवितो. रेडिएटरच्या तोंडाशी एक झडप असते व तिच्यातून एक बारीक दांडी बाहेर आलेली असते. चक्रीच्या पोटात मेण, द्रव किंवा वायू भरलेली एक डबी असते. खोलीतील हवा तापली की डबीतील पदार्थ प्रसरण पावतो, दांडी आत ढकलली जाते आणि झडप मिटू लागते. हवा थंड झाली की तो पदार्थ आकुंचन पावतो, स्प्रिंग दांडीला बाहेर रेटते आणि पाणी पुन्हा वाहू लागते. पुस्तकातला प्रसरणाचा नियम येथे विजेवाचून रात्रंदिवस पहारा करीत असतो.

चक्रीवरील आकड्यांविषयी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. आकडा म्हणजे रेडिएटर किती तापावा याचे माप नव्हे, तर खोली किती उबदार असावी याचे ते माप होय. साधारणपणे ३ म्हणजे सुमारे २० अंश सेल्सिअस. पुढचा किंवा मागचा प्रत्येक आकडा सुमारे ४ अंशांनी अधिकउणा. हिमकणाचे चिन्ह म्हणजे नळातील पाणी गोठू नये एवढीच ऊब. तेव्हा चक्री ५ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही; ती नको तितकी तापते एवढेच. तसेच खोली हवी तेवढी उबदार झाल्यावर रेडिएटर वरून कोमट व खालून गार लागला, तर तो बिघाड नव्हे. थर्मोस्टॅट आपले काम चोख करीत आहे असे समजावे.

खोली खरोखरच गार राहत असेल, तर सोप्याकडून अवघडाकडे जावे. प्रथम इतर खोल्यांतील रेडिएटर पाहावे. सर्वच गार असतील, तर दोष बॉयलरचा किंवा पंपाचा असण्याचा संभव अधिक. इमारतीची देखभाल करणाऱ्याला कळवावे. एकच गार असेल, तर चक्रीवर पडदा लोंबत नाही ना, तिच्यापुढे कपाट अथवा कोच नाही ना, हे पाहावे. आडोशाला ऊन हवा कोंडते, बिचारी चक्री सारी खोलीच तापली असे समजते आणि झडप मिटते. त्यानंतर रेडिएटरला हात लावून पाहावा. खालचा भाग ऊन आणि वरचा गार असेल, तर आत हवा अडकली आहे. कडेची लहान खुंटी किल्लीने किंचित सैल करून, सूं असा आवाज थांबून पाणी टिपकू लागेपर्यंत हवा सोडावी व खुंटी पुन्हा आवळावी. हे पाणी कढत असू शकते. खाली भांडे धरावे.

एवढ्यानेही भागले नाही, तर झडपेची दांडी अडकलेली असावी. उन्हाळाभर चक्री बंद राहिली की हा दोष हमखास उद्भवतो. अशा वेळी चक्री सर्वांत वरच्या आकड्यावर न्यावी आणि तिच्या बुडाचे कडे सैल करून ती काढून घ्यावी. दांडी दिसू लागेल. लाकडाच्या चपट्या तुकड्याने ती हळूच दाबावी. ती काही मिलिमीटर आत जाऊन आपोआप बाहेर आली पाहिजे. येत नसेल, तर पुनःपुन्हा अलगद दाबावी. पकडीने ती कदापि ओढू नये आणि झडपेचे इतर आटे तर मुळीच खोलू नयेत. नळांत दाबाखाली ऊन पाणी असते. ते उसळले तर आपली खोली आणि खालच्या शेजाऱ्याचे छत दोन्ही भिजतील.

चक्री काढल्यावर झडप पूर्ण उघडी असते. अर्ध्या तासात रेडिएटर तापला, पण चक्री बसविताच खोली पुन्हा गार पडली, तर दोष चक्रीत आहे. उलट, चक्री बंद करूनही रेडिएटर तापतच राहिला, तर चक्री काढून दांडी काही वेळ आत दाबून धरावी. रेडिएटर निवू लागला तर झडप ठीक असून चक्री निकामी झाली आहे. न निवला तर झडप. चक्री बदलणे सोपे असते, झडप मात्र जाणत्या कारागिरानेच बदलावी. भाड्याच्या घरात घरमालकाला आधी कळविणे हे उत्तम.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. दीर्घकाळ गार राहिलेल्या खोलीत भिंतींवर दव साचते व बुरशी चढते. लहान मुले आणि वृद्ध यांच्या छातीला ती बाधते. फाजील तापलेल्या खोलीत पैसा जळतो. पश्चिम जर्मनीत १९८१ साली नियम झाला की, सामाईक तापन असलेल्या इमारतींत खर्चाचा मोठा हिस्सा ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे वसूल व्हावा. आज तो साऱ्या जर्मनीत लागू आहे. तेव्हा अडकलेल्या दांडीचा भुर्दंड राहणाऱ्याच्याच खिशाला बसतो. यावरचा उपाय मात्र फुकटचा आहे : उन्हाळा लागताच चक्री ५ वर उघडी ठेवावी, म्हणजे दांडी अडकत नाही.

आपल्या घरातील इस्त्री, पाणी तापविण्याचा गिझर आणि शीतकपाट यांतही थर्मोस्टॅट असतो. तेथे रचना निराळी आणि विजेचा धोका मोठा, म्हणून ती उपकरणे मुलांनी उघडू नयेत. परंतु शोधाची रीत सर्वत्र एकच : आधी पाहावे, मग हात लावावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून परिणाम तपासावा. प्रयोगशाळेत आम्ही हेच शिकतो.